प्रभाग सातचे लिंबाजी आप्पा

थांबा. हातातलं काम बाजूला ठेवा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर माझ्या पोटात राहणार न्हाई.

परवा समुद्रावरच्या एका शहरात वादळ आलतं. खाडीकाठची अडतीस घरं दुपारी दोनच्या आत खाली करायची होती. सदतीस हलली. एक हलंना. आन फोन करून करून ही घरं हलवणारा माणूस कुठं बसलता माहितंय का? घाटनांदुरात! माझ्या ऑनलाइन सेंटरात, झेरॉक्स मशीनला टेकून, चप्पल काढून, मांडी घालून!

शहराचं नाव सांगणार न्हाई. तिथल्या नगरपालिकेतल्या मॅडमची नोकरी जायची.

माणसाचं सांगते. लिंबाजी आप्पा. वय सत्तरीला आलेलं, तीस शेरडं, एक गुडघा चांगला आन एक बाद. समुद्र जन्मात पाहिलेला न्हाई. त्येनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हंजे कपिलधारचा धबधबा. पण रोज सकाळी दहाला शेरडं भावकीतल्या कुणाच्या तरी गळ्यात मारून माझ्याकडं येणार आन खुर्ची ओढून म्हणणार, "हां माय, लाव. आज तिकडं काय निघालं?"

तिकडं म्हंजे त्या शहराच्या नगरपालिकेच्या पानावर. पाणी कवा बंद, गटारीचं काम कुठं, किनारा साफ करायला माणसं कवा पाहिजेत. मी वाचायची, ते ऐकायचे. आप्पा चौथी शिकलेले हायत, वाचतेत, पण एकेक अक्षर चघळून. तवर माझ्या दारात सातबाराची लाइन लागायची.

एकदा त्येनी ऐकलं, मंगळवारी प्रभाग सातला पाणी येणार न्हाई. झालं. निघाले आन हाटेलात जाऊन जोरात सांगितलं, "मंगळवारी पाणी न्हाई बरं का!" आमच्या गल्लीतल्या बायांनी पातेल्यापासून पिंपापर्यंत सगळं भरून ठेवलं. खरं कळल्यावर शांताकाकू सेंटरात आली आन म्हणली, "आप्पा, आपल्याकडं पाणी कवा येतं ते कुणाला ठाव न्हाई, आन तुमी दुसऱ्याच्या गावचं कवा जातं ते सांगताव?"

आप्पा शांत. "नागरिक म्हणून सांगितलं."

हे त्यांचं ठरलेलं. काय बी इचारा, नागरिक म्हणून. त्या पानावर कुणीतरी रस्त्याचा फोटो टाकलता, त्यात एक दिवा बंद. आप्पांनी माझ्याकडून तक्रार करून घेतली. नऊ दिवसांनी दिवा लागला. आप्पांनी पेढे वाटले! मी म्हणलं, "आप्पा, आपल्या गल्लीतले तीन खांब कवाचे बंद हायत."

"ते ज्येचं त्येनं बघावं," म्हणले.

मग स्वयंसेवकांचे फॉर्म सुरू झाले. प्रत्येक फॉर्म भरायचा. किनाऱ्यावर कासवं अंडी घालतेत, त्यांच्या राखणीला माणसं पाहिजे होती. मी हसत बसले. आप्पा रागावले, "हसती काय? तीस शेरडं राखतो मी. अंडी राखायला काय अवघड हाय? ती पळत बी न्हाईत."

पत्ता मी खरा टाकायची. घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई. खाली एक रकाना असायचा, कोणत्या प्रभागात काम करणार? आप्पा दरवेळी म्हणायचे, "सात."

"सातच कावून, आप्पा?"

"मोकळा वाटतो."

मोकळा! वैशालीताई त्या शहरात असती हे सगळ्या गावाला माहीत होतं. आप्पांची एकुलती एक लेक. आई वारल्यावर नर्सिंग शिकायला गेली, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आन त्याला घेऊन दारात आली. आप्पांनी दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आमच्या घरापर्यंत आलता. नंतर तिनं तीन येळा फोन केला. आप्पांनी उचलला न्हाई. चौथा आलाच न्हाई. त्याला आता पाच वर्षं झाली. कुणी नाव काढलं की आप्पा म्हणायचे, "मला तिकडं कोण बी न्हाई."

आन एक दिवस नगरपालिकेतल्या मॅडमचा फोन आला. पत्ता कुणी नीट वाचलाच नव्हता! त्या म्हणल्या, "काका, घाटनांदूर म्हणजे खाडीपलीकडची नवीन सोसायटी का? रविवारी सकाळी सातला किनाऱ्यावर या, हातमोजे मिळतील."

आप्पा घाबरले. खोटं बोलायची सवय न्हाई ना. म्हणले, "गुडघा दुखतो."

"मग तुम्हाला बसून करायचं काम देऊ. वादळात फोन करायचे."

प्रभाग सातातल्या खाडीकाठच्या अडतीस घरांची यादी आली. नाव, नंबर, आन फोनवर इचारून भरायचे रकाने: माणसं किती, लहान मूल किती, निघाले का. मी प्रिंट काढून दिली. आप्पांचं बोट एकेका ओळीवरून खाली आलं आन तेविसाव्यावर थांबलं. वैशाली. पुढं नवऱ्याचं आडनाव. त्याच्याम्होरं दहा आकडे.

आप्पांनी मग कागदाची घडी घालून खिशात टाकली. आठ दिवस त्यो नंबर त्यांच्या खिशात होता. लावला न्हाई.

परवा सकाळी अकराला मॅडमचा आवाज स्वयंसेवकांच्या ग्रुपवर आला. धाप लागलेली. भरती सव्वातीनला हाय, वारा वाढलाय, खाडीचा रस्ता दोनला बंद होणार, सगळ्यांना शाळेत आणा. आमच्याकडं कडक ऊन पडलेलं. मी म्हणलं, "आप्पा, आता तरी खरं सांगा त्येनला. दुसरं कुणी करंल."

"दुसरं कोण हाय? आन शोधायला येळ कुठाय?" म्हणले. "फोन लाव."

मी यादीतला पहिला नंबर लावायला लागले तर हात धरला. "न्हाई. आधी सोळा." सोळा नंबरला एक सावंतकाकू, पानावर सगळ्या गल्लीच्या तक्रारी टाकणारी. "कळप हलवायचा तर आधी म्होरकं हलवायचं. ते निघालं की निम्मी आपोआप निघतेत." आन खरंच! सावंतकाकू छत्री घेऊन बाहेर पडली आन पुढच्या अर्ध्या तासात अकरा घरांनी सांगितलं, "हो हो, आम्ही काकूंच्या मागंच निघालो."

मग बाकीचे. एका आजीला, "मांजर? मांजर बी घ्या. न्हाई, टीव्ही ऱ्हाऊ द्या." एका म्हाताऱ्या दर्यावर्दी माणसानं तर झापलंच. "मला समुद्र शिकवतोस काय रे? कुठला तू?"

"शेरडावाला हाय मी," आप्पा म्हणले. "मला समुद्रातलं काय बी कळत न्हाई. पण जनावर अडलं की मी त्येच्यासोबत वाद घालत न्हाई, कान धरतो. तुमचा कान लांब हाय म्हणून हात जोडतो. निघा."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. म्हातारा निघाला.

एक वाजून पाच मिनिटं. सदतीस ओळींवर बरोबरची खूण. तेवीस नंबरची ओळ मोकळी.

"तू लाव," आप्पा म्हणले. माझ्याकडं न बघता.

"मी? तुमी बोला की!"

"मी बोललो आन तिनं आवाज ओळखून फोन ठेवून दिला तर? मग माझ्यावरच्या रागानं तिथंच बसंल. तू लाव, माय."

मी लावला. उचलला. कसलं शुद्ध बोलती आता ती! म्हणली, "हे ड्युटीवर आहेत. अडीचपर्यंत येतील, मग निघू."

"ताई, रस्ता दोनला बंद होणार हाय."

"एवढ्या पावसात एकटी कुठे जाऊ? लहान बाळ आहे माझ्याजवळ. पाणी आमच्या पायरीच्या वर कधी येत नाही." मी सवयीनं रकाना भरत होते. "किती महिन्यांचं?" "आठ. मुलगी आहे. ठेवते, ती उठली." कट.

मी वर पाहिलं. आप्पा माझ्याकडं बघत नव्हते, कागदाकडं बघत होते. लहान मूल: १. आठ म. पोरगी.

ह्या माणसानं त्या शहरातला बंद पडलेला दिवा शोधलता. आन ही एक बातमी कुठल्याच पानावर आली नव्हती.

"आठ महिने," म्हणले.

घड्याळात एक वाजून चौदा मिनिटं. बाहेर एक जण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ओरडत होता, त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. आप्पा उठले. गुडघा कट्ट वाजला. "बावीसला लाव." बावीस नंबर तिचा शेजारी, रिक्षावाला, मघाशी निघतो म्हणलेला. "निघालाव का? पाच मिनिटं थांबा. रिक्षा तेवीसच्या दारात लावा. एक बाई आन एक लेकरू हाय. हार्न वाजवू नका, लेकरू झोपलं असंल." मग माझ्या हातातला फोन घेतला आन तेवीस स्वतः लावला.

वाजला. वाजला. उचलला.

आप्पांनी घसा साफ केला, आन आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकासारखं बोलले. "नमस्कार. प्रभाग सात. स्वयंसेवक बोलत आहे."

पलीकडं काय न्हाई. नुसता वारा. मी मनात आकडे म्हणत होते. एक, दोन, तीन. ठेवू नको ताई. चार, पाच. आप्पांचे डोळे मिटलेले. सहा.

"बोला," ती म्हणली.

"लेकरू कुठं हाय?" पुस्तक तिथंच संपलं.

"पाळण्यात."

"उचला. आधी लेकरू उचला, बाकीचं काय बी हुडकू नका. कागद न्हाई, कपडे न्हाई. पिल्लू उचललं की आईचे पाय आपोआप निघतेत. उचललं का?"

"पाऊस खूप आहे..."

"भिजू द्या. भिजलेलं वाळतं. दारात रिक्षा हाय, बावीस नंबरवाले थांबलेत. दार उघडा."

"आमचे हे..."

"त्येनला शाळेतून कळवा. दार उघडा, बाई. दार उघडा."

सत्तरीला आलेला माणूस माझ्या दुकानात उभा राहून एक हात पुढं करून बोलत होता, जशी कडी समोरच हाय. फोनमधून कडी काढल्याचा आवाज आला, मग एकदम वारा, लेकराचं रडणं, कुणीतरी "या या, इकडे" म्हणलं. आन फोन कट झाला.

परत लावला. लागंना. बावीसला लावला. लागंना. मॅडमला लावला, त्यांचा बी लागंना.

दोन वाजले. रस्ता बंद झाला असणार. सव्वादोन. मी चहा मागवला, त्याच्यावर साय आली. आप्पा कागद मांडीवर घेऊन बसलेले. मला म्हणले, "रिक्षानं निघा म्हणून मी सांगितलं. घरात तरी बरी ऱ्हायली असती का गं?" मला तरी समुद्र कुठं ठाव हाय? मी तीन येळा सांगितलं, "पोचली असंल." तिन्ही येळा माझाच आवाज मला खोटा वाटला.

दोन चाळीसला फोन वाजला. तेवीस. मी स्पीकर लावला.

"प्रभाग सात का?" मागं सगळा गलका, भांडी, लेकरं.

"होय," आप्पा म्हणले.

"शाळेत पोचलो. दोघी. यांना कळवलंय, ते दवाखान्यातच थांबतायत."

आप्पांनी खूण केली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. काम तर संपलं होतं! मला वाटलं, आता ठेवणार. ती म्हणली, "मॅडम खाली गेटवर अडकल्यात. इथे कोण आलं, कोण नाही, कुणालाच माहीत नाही. तुमच्याकडे यादी आहे ना? तुम्ही नावं वाचा, मी बघून सांगते."

आप्पा मांडी घालून बसले. कागद डोळ्यांजवळ धरला. एक नंबरपासून सुरुवात केली, एकेक अक्षर चघळत. मी वाचू का म्हणून हात पुढं केला तर माझा हात बाजूला सारला.

"आलेत," ती म्हणायची. "आलेत. थांबा हं, बघते... हो, कोपऱ्यात बसलेत. ते मांजरवाल्या आजी आल्यात."

घाई कुणालाच नव्हती. मधेच लेकरू काहीतरी बडबडायचं, मग आप्पा थांबायचे, त्याचं होऊ द्यायचे आन मग पुढचं नाव. वीस. एकवीस. बावीस.

"तेवीस," आप्पा म्हणले, आन बोट तिथंच ठेवलं.

"नाव वाचा," ती म्हणली.

पाच वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडातून आलेलं मी ऐकलं नव्हतं. एकेक अक्षर आलं. वै. शा. ली.

"आलेय, आप्पा."

त्येनी मान हलवली, जशी ती समोरच हाय. मग बोट खाली घेतलं आन चोवीस नंबरचं नाव वाचायला लागले.

मी बाहेर जाऊन शटरला टेकून उभी राहिले आन दाखलेवाल्याला म्हणलं, दादा, उद्या या.

खरं सांगा, तुमच्यासोबत झालंय का असं? घरातल्याच माणसाचा फोन दुसऱ्याच कामाच्या नावानं आला, तुमी आवाज ओळखला, आन तरी नुसतं "बोला" म्हणलं?