तीन सेकंदांची तक्रार

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उंटकाकांच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर ओठ आणि आवाज विभक्त झाले. भांडण नाही, नोटीस नाही. चित्र पुढे निघून गेलं आणि आवाज, कुलूप लावायला परत गेलेल्या नवऱ्यासारखा, तीन सेकंदांनी मागून धावत आला.

निवेदिका गोड हसली तेव्हा अपघाताची बातमी ऐकू आली. ती गंभीर झाली तेव्हा आवाज म्हणाला, "आणि आता क्रीडावृत्त." मुष्टियोद्धा पडला, उठला, पाणी प्यायला, आणि मग ठोसा ऐकू आला. एका मालिकेत नायकाने मागणी घातली आणि होकार नायिकेच्या बापाच्या तोंडून आला.

दुसऱ्या कोणाच्या घरी हे खपून गेलं असतं. उंटकाकांचा तर धंदाच हा. डबिंगच्या स्टुडिओत तीस वर्षं ते परक्या तोंडांत आपला आवाज बसवत आले होते. पहिलं काम एका कार्टूनमधल्या उंटाचं. नाव तिथेच चिकटलं. मग चार खलनायक, दोन राजे, एक बोलका टूथब्रश. ओठ मिटले आणि शब्द बाहेरच राहिला, असं त्यांच्या हातून एकदाही झालं नव्हतं.

त्यांच्या आईला या कर्तृत्वाचं कौतुक बेताचंच. "आवाज तुझाच आहे रे, पण तू कुठे आहेस?" असं विचारून ती दर वेळी टीव्हीच्या मागे डोकावून येई.

आता तिला उत्तर मिळणार होतं. रविवारी पाच वाजता 'आवाजामागचा चेहरा' या कार्यक्रमात उंटकाकांची आधीच चित्रित झालेली मुलाखत दाखवणार होते. त्यांचा आवाज प्रथमच त्यांच्याच तोंडातून निघणार होता. आणि सोमवारी सकाळी आई थोरल्या मुलाकडे राहायला जाणार होती. थोरल्याने तत्त्व म्हणून टीव्ही घेतलेला नव्हता. म्हणजे रविवार, पाच. गेला तर गेला.

स्थिती: नोंद झाली

"आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," टीव्ही कंपनीला लावलेल्या फोनमधून एक भारदस्त, मायाळू आवाज म्हणाला. उंटकाकांनी तो लगेच ओळखला. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच तो दिला होता. पुढची चाळीस मिनिटं त्यांनी स्वतःला ताटकळत ठेवलं.

"कोणाशी बोलताय इतका वेळ?" काकूंनी विचारलं.

"स्वतःशीच."

"मग मिटवा ना आपापसात."

अखेर एक ताई फोनवर आल्या. "सर, टीव्ही बंद करून चालू केलात?"

"सात वेळा."

"आठव्यांदा करा. सातपर्यंत सिस्टीम धरत नाही. आणि सर, आवाज उशिरा येतोय की चित्र लवकर येतंय?"

"काय फरक पडतो?"

"विभाग बदलतो, सर. उशिरा आवाज म्हणजे आवाज विभाग. लवकर चित्र म्हणजे चित्र विभाग."

"दोन्हींकडे टाका."

"दोन्हींकडे टाकली तर ते एकमेकांकडे पाठवतात."

"आणि एकाकडे टाकली तर?"

"तो दुसऱ्याकडे पाठवतो."

(इथे तीन सेकंदांची शांतता आहे. वाचकांनी ती सहन करावी.)

स्थिती: तपासणी चालू

शुक्रवारी दुरुस्तीवाला आला. त्याने एक वायर काढली, तिच्यात फुंकर मारली, परत खोचली आणि समाधानाने हात पुसले. फरक पडला नाही. मग त्याने पडद्यावर 'आवाज विलंब' नावाची पट्टी उघडली. पट्टी शून्यापासून सुरू होऊन उजवीकडे जात होती. डावीकडे काही नव्हतं.

"आवाज मागे ढकलता येतो, काका. पुढे ओढता येत नाही. तशी सोयच नाही."

"मग चित्र मागे ढकल."

"चित्राला हात लावला तर चित्र विभाग माझा हात धरेल."

पण माणूस कर्तव्यदक्ष होता. रिकाम्या हाताने जाणं त्याला बरं वाटेना. त्याने खिशातून एक मीटर काढलं आणि घरच्यांनाच तपासायला घेतलं. काकूंना टाळी वाजवायला लावली. मग आईसमोर उकिडवं बसून त्याने विचारलं, "आजी, जेवलात का?"

एक. दोन. तीन. चार.

"काय?" आई म्हणाली.

त्याने अहवाल तिथेच मांडीवर लिहिला: 'चित्र चित्राच्या घड्याळानुसार वेळेवर आहे. आवाज आवाजाच्या घड्याळानुसार वेळेवर आहे. मात्र घरातच मूळचा चार सेकंदांचा विलंब आढळला. त्या मानाने टीव्ही एक सेकंद पुढे चालत असून ग्राहकाने आभार मानण्यास हरकत नाही.'

"मला ऐकू आलं होतं हो," आई कुरकुरली. "जेवले की नाही ते आठवत होते."

स्थिती: उपाय मंजूर

शनिवारी सकाळी वरिष्ठ सल्लागार दोन कनिष्ठ सल्लागारांसह स्वतः आले. म्हणीतले शहाणे उंटावर बसतात; हे उंटाच्या सोफ्यावर बसले. वरिष्ठांनी एक कागद उलगडला. त्यावर फक्त बाण होते.

"आवाज पुढे आणता येत नाही, हे आपण स्वीकारलंय," ते म्हणाले. "मागे नेता येतो. तर मग थोडक्यात का थांबायचं? नेत राहू. पुढचे ओठ येईपर्यंत नेत राहू."

"कुठले पुढचे ओठ?"

"या वाहिनीवर रविवारचे कार्यक्रम सोमवारी त्याच वेळी पुन्हा दाखवतात. तुमचा आवाज तीन सेकंद उशिरा आहेच. आम्ही त्यात तेवीस तास, एकोणसाठ मिनिटं, सत्तावन्न सेकंद घालतो. सोमवारी पाचला ओठ आणि आवाज असे जुळतील, सर, की मधे केस जाणार नाही!"

कनिष्ठांनी टाळ्या वाजवल्या.

"पण आई सोमवारी सकाळी जातेय!"

"तो प्रवासाचा प्रश्न झाला."

"आणि रविवारी पाचला काय ऐकू येईल?"

"शनिवारचे पाच. तोही आवाज दर्जेदारच असतो."

काकूंनी मोबाइलवर शनिवारचे पाच शोधले. 'आपले मुके मित्र : पशुवैद्यांचा सल्ला'.

उंटकाकांनी हात जोडले. "मला उपाय नको. माझा तीन सेकंदांचा बिघाडच बरा होता. तो परत द्या."

वरिष्ठांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "उपाय नाकारला तर तक्रार बंद होते, सर. तक्रार बंद झाली की बिघाड अनधिकृत ठरतो. आणि अनधिकृत बिघाड घरात ठेवता येत नाही. टीव्ही जमा करावा लागेल."

उंटकाकांनी सही केली.

स्थिती: उपायाचे निरीक्षण

रविवारी पावणेपाचलाच आई इस्त्रीचे कपडे घालून, चष्मा तीनदा पुसून, खुर्ची पुढे ओढून बसली. काकू तिच्या शेजारी. दुरुस्तीवाला निरीक्षणासाठी मीटर घेऊन दारापाशी.

पाच वाजले. पडद्यावर उधारीच्या कोटातले उंटकाका अवतरले.

"अगंबाई! हा तर आपला!" आईने टाळ्या पिटल्या.

पडद्यावरच्या उंटकाकांनी विनयाने मान झुकवली, तोंड उघडलं आणि बाईच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "जंत झाले की हा जमिनीवर बूड घासत सरकतो."

आईचा चेहरा उतरला. "कधीपासून रे? मला बोलला नाहीस."

"आई, तो मी नाही!"

"मी काय आंधळी आहे?"

पडद्यावर उंटकाका भावुक झाले, त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "चावत असल्यास तोंडाला जाळी बांधावी," ते म्हणाले. मुलाखतकाराने गंभीरपणे मान हलवली.

आता मात्र उंटकाकांमधला कारागीर खवळला. त्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, पडद्याजवळ उभे राहिले, स्टुडिओतल्यासारखा एक हात कानावर धरला आणि पडद्यावरच्या ओठांवर नजर रोखली. आणि त्यांची तारांबळ उडाली. राजाचे ओठ त्यांना पाठ, टूथब्रशचे पाठ. स्वतःचं तोंड त्यांनी कधी अभ्यासलंच नव्हतं. पहिलं वाक्य लवकर संपलं. दुसरं लांबलं. तिसऱ्याला मात्र सूर सापडला, आणि मंगळवारी चित्रीकरणात काय बोललो ते शब्दाशब्दाने परत आलं:

"चार वर्षांचा होईपर्यंत मी बोलतच नव्हतो. आई मला रोज खिडकीत घेऊन बसायची. रस्त्यावरून कोणी जाताना दिसलं की त्याच्या वतीने ती बोलायची. हा पोस्टमन म्हणतोय, माझे पाय दुखले. ती बाई म्हणतेय, घरी जाऊन झोपते मेली. आवाज वेगळा, ठसका वेगळा. लोक म्हणतात मी ही कला स्टुडिओत शिकलो. मी ती खिडकीत शिकलो."

एक अक्षर पुढे नाही, एक मागे नाही. पडद्यावरचे ओठ, खोलीतले ओठ आणि आवाज, तिन्ही एका धाग्यात. दुरुस्तीवाल्याच्या मीटरचा काटा शून्यावर येऊन थरथरत उभा राहिला. उंटकाकांनी भरल्या डोळ्यांनी आईकडे वळून पाहिलं.

आई मान वाकडी करकरून त्यांच्या कमरेच्या बाजूने पडदा पाहायची धडपड करत होती.

"अरे, बाजूला हो की! मधे काय उभा राहतोस खांबासारखा? माझा मुलगा बोलतोय तिकडे! सूनबाई, आवाज वाढव गं."

काकूंनी आवाज वाढवला. "वर्षातून दोनदा नखं कापावीत," उंटकाका पडद्यावरून म्हणाले, आणि आईने पदराने डोळे पुसले.

स्थिती: निवारण झाले

आईने कंपनीला पाचपैकी पाच तारे दिले. दुरुस्तीवाल्याने शेरा लिहिला: 'घरात एक इसम ओठ व आवाज तंतोतंत जुळलेल्या अवस्थेत आढळला. त्याच्याकडे कोणी पाहत नसल्याने कारवाईची आवश्यकता नाही.'

तुम्ही हसलात. हसा. पण मघाशी तुम्ही हे वाचत असताना घरातलं कोणीतरी तुम्हाला काहीतरी म्हणालं होतं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" केलंत.

ते माणूस अजून दारातच उभं आहे.