नाव मधोमधच आहे

क्षितिजाने पीडीएफ उघडली, एकदा वरून खाली पाहिली, एकदा खालून वर पाहिली आणि समाधानाने खुर्चीला टेकली. असा फलक भिवंडीत आजवर लागला नव्हता, याची तिला खात्री होती. तशी तिला सगळ्याच बाबतीत खात्री असे. कामतघरला लूमच्या कारखान्याला लागून तिचा डिझाइनचा गाळा होता. लग्नपत्रिकेपासून साडीच्या खोक्यावरच्या लेबलापर्यंत सगळं ती करी, आणि गिऱ्हाइकाने काही सुचवलं तर ते शांतपणे ऐकून घेऊन आपलंच करी. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघे, त्यामुळे तिने सुधारायचं काही कारणच नव्हतं.

फलक होता पूर्णा गावच्या केसरीनाथशेठचा. बापाच्या भातशेतीवर शेठनी भलंमोठं गोदाम बांधलं होतं आणि ते एका परदेशी कंपनीने भाड्याने घेतलं होतं. उद्घाटनाला कंपनीचा मोठा साहेब विमानाने येणार होता. शेठना फलकाचं फारसं काही नव्हतं. त्यांना मंडपाची आणि जेवणाची काळजी. फलकाचा आग्रह होता त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. जमिनीत तिचाही वाटा होता, आणि तिने एकाच बोलीवर होकार दिला होता: दारावर बापाचं नाव लागलं पाहिजे. दौलतबाबा जन्मभर त्या चिखलात राबले, पण त्यांचं नाव कुठे लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आक्काला वाचता येत नव्हतं. तरी हे काम तिने दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. ती स्वतः रिक्षा करून गाळ्यात आली, स्टुलावर बसली आणि मजकूर सांगितला. कैलासवासी दौलतबाबांच्या पुण्याईने हे गोदाम उभं राहिलं, आल्या पाहुण्यांचं स्वागत आहे, एवढंच.

"आन् बाबाचा नाव मधोमध ल्हिव, पोरी," ती उठता उठता म्हणाली. "मोटा. रस्त्यावरशी दिसला पायजे."

क्षितिजाने नाव मधोमध घेतलं, मोठं घेतलं आणि त्यासाठी आपलं ठेवणीतलं अक्षर काढलं. पुण्याच्या एका सुलेखनकाराने केलेला तो फॉन्ट तिने पदरचे पैसे घालून आणला होता. भिवंडीत तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता, ही तिची खास मिजास.

२००७ साली मराठी फॉन्टांची एक गोम होती. कॉम्प्युटर मनातल्या मनात इंग्रजी खुणाच लिहायचा. फॉन्ट त्या खुणांना मराठी अक्षरांचं रूप द्यायचा. फॉन्ट बरोबर नसला की त्या खुणा उघड्या पडत. हे क्षितिजाला पाठ होतं. म्हणून एरवी ती डिझाइन आणि फॉन्ट एकाच सीडीवर घालून स्वतः मानकोलीला फ्लेक्सवाल्याकडे जाई. पण आता तिने गाळ्यात नवं इंटरनेट घेतलं होतं, आणि पीडीएफ म्हणजे फोटोसारखी, जशी केली तशी दिसणार, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. फाइल मोठी झाल्यामुळे ईमेलमधून जाईना. तेव्हा तिने पीडीएफ करताना 'लहान आकार' हा पर्याय निवडला. फाइल खरंच हलकी झाली, झरकन गेली. हलकी व्हायला सॉफ्टवेअरने आतलं काय काढून ठेवलं, हे तिने विचारलं नाही. तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट होताच, त्यामुळे तिथे सगळं झकास दिसत होतं.

थोड्याच वेळात मानकोलीहून शादाबचा फोन आला. फ्लेक्स छापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण मागे एकदा त्याने तिच्या डिझाइनमधल्या मोराचा रंग आपल्या आवडीने बदलला होता. तेव्हापासून क्षितिजा त्याच्याशी जरा करड्या आवाजातच बोलत असे.

"ताई, फाइल आली. पण अक्षर कायतरी वेगळंच दिसतंय."

भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. त्यातून 'अक्षर वेगळंच' एवढं तिला नीट ऐकू आलं आणि ती खूश झाली.

"वेगळंच आहे ते. मुद्दाम घेतलंय."

"पण लोकांना वाचता येईल का?"

"ज्याला वाचायचंय तो वाचेल. तू एका ठिपक्यालाही हात लावू नकोस. जसं आहे तसं छाप."

परदेशी साहेब येणार ही बातमी मानकोलीच्या नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होती. साहेबाच्या मुलखातलीच भाषा असणार, असं शादाबने ठरवलं आणि ठिपक्यालाही हात न लावता फलक छापला. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी त्याची माणसं तो परस्पर पूर्ण्याला नेऊन गोदामाच्या दारावर चढवूनही आली.

क्षितिजा ठेवणीतली साडी नेसून रिक्षातून उतरली. आधी तिला वाटलं, रिक्षावाल्याने दुसऱ्याच गोदामापाशी आणलं. फलकावर तिने काढलेली नक्षी होती, तिने निवडलेला लाल रंग होता, पण मराठी कुठेच नव्हतं. 'कैलासवासी'च्या जागी एक उलटं प्रश्नचिन्ह, टोपी घातलेला ए आणि पौंडाची खूण होती. मधोमध, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत, दोन कंस, डोक्यावर टिंबं असलेला यू आणि असंच बरंच काही पसरलं होतं. ते दौलतबाबा होते.

काय झालं ते तिला तत्क्षणी कळलं. पण आता फलक उतरवायला वेळ नव्हता. पाहुण्यांच्या गाड्या नाक्यापर्यंत आल्याचा निरोप आला होता. आता शेठना काय आणि कसं सांगायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात तेच हात जोडत पुढे आले.

"वा, पाव्हण्यांच्या भाषेत केलंस. बोललीस पण न्हाईस," ते कौतुकाने म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण बाबांचं नाव? आक्का मंडपात बसलीये."

"नाव मधोमधच आहे शेठ," क्षितिजा म्हणाली. "एक अक्षरही कमी नाही."

हे शब्दशः खरं होतं, त्यामुळे तिला ते ठामपणे म्हणता आलं.

साहेब उतरला. उंच, उन्हाने लाल झालेला, हसतमुख माणूस. बरोबर कंपनीचा दिल्लीकडचा अधिकारी होता. साहेबाने फलकाकडे आदराने पाहिलं. इथल्या लोकांची भाषा अशी लिहितात हे त्याला नवीन होतं. अधिकाऱ्यानेही आदराने पाहिलं. इथल्या लोकांनी साहेबाच्या भाषेत फलक लावला याचं त्याला कौतुक वाटलं. शेठ दोघांच्या तोंडाकडे पाहून धन्य झाले. तिघेही खूश होते आणि कुणी कुणाला काही विचारलं नसतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण साहेब मनमोकळा होता. त्याने फलकाकडे हात करून काहीतरी म्हटलं.

अधिकाऱ्याने हिंदीत सांगितलं की फलकावर काय लिहिलंय ते साहेबांना ऐकायचंय. मग, ही साहेबाचीच भाषा असेल तर साहेब दुसऱ्याला का विचारतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. शेठनी क्षितिजाकडे पाहिलं. क्षितिजाने तोंड उघडलं, पण त्याआधीच गर्दीतून आक्का पुढे आली होती.

तिच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. ते तिने भावाकडे दिलं, फलकाखाली उभी राहिली, बोट उचललं आणि डावीकडून उजवीकडे सरकवत खणखणीत आवाजात वाचायला लागली. "कैलासवासी," इथे बोट उलट्या प्रश्नचिन्हावर होतं. "दौलतबाबांचे पुण्याईन हा गोदाम उभा ऱ्हायला." ती कुठे अडखळली नाही, कुठे थांबली नाही. शेवटच्या पौंडाच्या खुणेपाशी पाहुण्यांचं स्वागत झालं. मग तिने दोघा पोरांना शिडी धरायला लावून वर चढून बापाच्या नावाला, म्हणजे टिंबंवाल्या यूच्या बरोबर कपाळावर, कुंकू लावलं आणि हात जोडले.

साहेबाने टाळ्या वाजवल्या. आक्काच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्याने टोपीही काढली. टाळ्या चालू असतानाच अधिकारी क्षितिजाच्या कानाशी आला.

"ये कौन सी भाषा है?"

"मराठी."

"मराठी तो ऐसी नहीं दिखती."

"फॉन्ट अलग है," क्षितिजा म्हणाली.

फॉन्टमधलं आपल्याला काही कळत नाही असं दाखवणं त्याला बरं वाटलं नसावं. त्याने मान हलवली आणि तो जेवायला गेला.

शेठ मात्र भोळे नव्हते. पंगत उठल्यावर त्यांनी क्षितिजाला मंडपामागे बोलावलं. तिने काही न लपवता सांगून टाकलं: मजकूर गेला, फॉन्ट तिच्याकडेच राहिला, पीडीएफमध्ये तो भरून पाठवायला हवा होता. शेठनी ते आपल्या भाषेत लावून पाहिलं.

"म्हणजे नवरा मांडवात पोचला आनि कपडे घरीच ऱ्हायले."

"तसंच. उद्या कपडे घालून आणते. माझ्या खर्चाने."

तिने शब्द पाळला. फॉन्ट पीडीएफमध्ये भरला, ती शादाबच्या कॉम्प्युटरवर स्वतः उघडून पाहिली, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि नवा फलक स्वतः बरोबर घेऊन पूर्ण्याला गेली. तो चढला तेव्हा तिचा ऊर भरून आला. पुण्याच्या सुलेखनकाराचं ते डौलदार अक्षर उन्हात झळकत होतं, आणि मधोमध लिहिलं होतं: दौलतबाबा.

आक्का ओट्यावरून उठून आली. कमरेवर हात ठेवून तिने बराच वेळ वर पाहिलं.

"बाबाचा नाव बारीक झाला," ती म्हणाली.

क्षितिजाने समजावून पाहिलं. कालच्या फलकावर चुकीच्या खुणा होत्या, त्या जास्त जागा खात होत्या, आता बरोबर लिहिलंय. शेठनीही आपल्या परीने सांगितलं. आक्काने दोघांचं ऐकून घेतलं.

"काल मी वाचला न्हवं? समद्यांम्होरं वाचला. साह्यबानं टोपी काढली. आन् ज्याला कुकू लावला तो उतरवून हा ढवला, बिनकुकवाचा कशाला चढवायचा? यात तर कायच दिसत न्हाय."

क्षितिजाला आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं पटलं. नवा फलक उतरवला, घडी घालून शेठच्या घरी भाताच्या कोठीवर टाकला. जुना पुन्हा दारावर चढला. त्याची एक दोरी क्षितिजानेच शिडीवर चढून ओढून बांधली, कारण शादाबची माणसं ती तिरकी बांधत होती आणि तिरकं काम तिला चालत नसे.

ती खाली उतरली तेव्हा आत शिरणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर थांबून डोकं बाहेर काढून वर बघत होता.

"मॅडम, क्या लिखा है?"

क्षितिजाने साडीचा पदर खोचला, बोट उलट्या प्रश्नचिन्हावर धरलं आणि शेवटच्या पौंडापर्यंत त्याला सगळं नीट वाचून दाखवलं.