नळाचा ठराव आणि सेहेचाळीस अंश

निळापूरच्या सरळ गल्लीत चौदा घरं होती आणि प्रत्येक घर शेजारच्या घराच्या नेमकं उलट बोलायचं. पहिल्यानं हो म्हटलं की दुसरं नाही म्हणे, तिसरं हो, चौथं नाही. भांडण कुणाचंच नव्हतं. ती गल्लीची रीतच होती. त्यामुळे नळाचा ठराव गेली एकोणीस वर्षं सात विरुद्ध सात असा अडत आला होता.

सहाव्या घरातल्या गुंफाबाई ठवरे लांबच्या विहिरीवरून पाणी आणत. आता गुडघे ऐकेनासे झाले होते. दर सभेत त्यांच्या मनात हो असे आणि तोंडातून नाही निघे, कारण पाचव्या घरातले सदाशिवराव कोहपरे आधीच हो म्हणून बसलेले असत.

गेल्या मे महिन्यात मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आंबेवाला आला की एरवी सात घरं आंबे घेत. पारा सेहेचाळीसला टेकला त्या दुपारी आंबेवाल्याच्या आग्रहानं नऊ घरांनी घेतले. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस झाले, तर लोक घेत होते, परत करत होते, पुन्हा मागत होते. कशाचा कशाला मेळ नव्हता.

यंदा त्यांनी थेट ग्रामसेवक डोंगरवारांना गाठलं.

"साहेब, सभा सेहेचाळीसावर घ्या, सत्तेचाळीसावर नुसता गोंधळ होते. अन् मतं मागायच्या आधी 'नळ हवा' एवढं तुम्ही म्हणा. त्या वक्ताले शेजाऱ्याची रीत सुटते अन् बाहेरचा शब्द लागू पडतो जी माणसाले."

डोंगरवारांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "पाऱ्याचा उल्लेख नाही. मनाईही नाही. पण सत्तेचाळीस झाले तर सभा तहकूब."

एकवीस मेला भर दुपारी सगळी गल्ली चिंचेखाली बसली. डोंगरवार थर्मामीटरवर डोळा ठेवून उभे. साडेपंचेचाळीस झाले, तिथंच बराच वेळ अडले. मग पारा हलला आणि सेहेचाळीसला टेकला.

"नळ हवा," डोंगरवार खाकरून म्हणाले. "आता मतं सांगा."

"हो," पाचव्या घराची पाळी आली तसे सदाशिवराव म्हणाले.

"हो," गुंफाबाईंच्या तोंडून निघालं.

दोघं दचकून एकमेकांकडे बघत राहिले. सदाशिवरावांनी उगाच टोपी सारखी केली. ठराव नऊ विरुद्ध पाच असा मंजूर झाला. संध्याकाळी ऊन उतरलं, गल्ली पूर्ववत झाली. पण तोवर सही पडली होती.

पोळ्याला नळ आला. गुंफाबाईंनी पहिला तांब्या भरून सदाशिवरावांच्या ओट्यावर नेला.

"घ्या ना जी, पहिलं पाणी तुमचं."

"नको."

गुंफाबाईंनी तांब्या ओट्यावर ठेवला. "बरं, मग घेऊ नका."

"वा! का नाही घेणार?" म्हणत सदाशिवरावांनी तांब्या तोंडाला लावला.