करप्याला लागली हळद

लिहून ठेवा, अख्ख्या मार्गासनी गावात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकलेली मी एकटीच! साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघून दोन वर्षं डोळे फोडले, तेव्हा कुठे भोरच्या आमच्या कॉलेजला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत एक तास मिळाला. एकच! विद्यापीठाच्या स्पर्धेतलं माझं सगळं संशोधन त्या तासावर.

भातावरच्या करप्याची, म्हणजे बुरशीच्या रोगाची पानं मी सुकवली, बटणाएवढ्या धातूच्या चकत्यांवर त्यांचे तुकडे चिकटवले, डबीत बंद केले आणि घरात बजावलं, "डबीला कोणी हात लावायचा नाही!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पुणं गाठलं. तिथल्या सरांनी डबी घेतली, चकत्यांवर सोन्याचा पातळ मुलामा चढवून यंत्रात ठेवल्या. आणि पडद्यावर काळ्यापांढऱ्यात उमटले सुरकुतलेले, फुगीर गोळे! करप्याचे बीजाणू असे नसतातच!

"नवी बुरशी!" मी किंचाळले.

सरांनी मोठ्या सरांना बोलावलं. ते म्हणाले, "भातावर हे मी आयुष्यात पाहिलं नाही." झालं! मी कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना कळवलं, मॅडमनी कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, प्राचार्यांचा अंगठासुद्धा आला. बुरशीच्या नावात मार्गासनी घालायचं, हेही मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात घरून अंबूकाकूचा फोन. हातात मोजे, म्हणून स्पीकर लावला.

"रत्ने, डबी नीट पोचली का गं? काल पूजा केलीया तिची."

"डबीची?"

"औताची केली, फवारणीच्या पंपाची केली. मग तुज्या हत्यारांनी काय घोडं मारलंय?"

"झाकणालाच लावलीस ना हळद?" मी रडकुंडीला आले.

"झाकणाची कुठं पूजा असती व्हय! उगडून येकेकीला लावली. घरची हळद हाय, शिजवून दळल्याली!"

मोठे सर निघून गेले. तास संपला. पुढचा नंबर चार महिन्यांनी, म्हणजे स्पर्धा उरकल्यावर!

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. काकू ढिम्म! वर विचारते, "पर दिसली कशी, ते तर सांग!"

मॅडम म्हणाल्या, "आहेत ते फोटो वाया घालवू नकोस." नाइलाजानं हळदीवरच पोस्टर केलं. स्पर्धेत परीक्षक इतरांपुढे दोन मिनिटं थांबले, माझ्यापुढे चांगली दहा!

शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही हळद किलोवर मिळेल का?"

दिला काकूचा नंबर. काय करणार!