देवीपुढचा लाल दिवा

माझा भाऊ उद्धव याला मोटारीतलं सगळं कळतं. हे मला कोणी सांगितलं? त्यानंच सांगितलं. अमरावतीच्या कोर्टात तो वकिली करायचा, म्हणजे रोज काळा कोट घालून जायचा आणि तोच कोट घालून परत यायचा. त्रेसष्ट साली एका कापसाच्या जिनवाल्यानं आपली जुनी मोटार विकायला काढली आणि आमच्या वकीलसाहेबांनी ती घेतली. तेव्हापासून त्याच्या तोंडी कलमं कमी आणि कार्बोरेटर जास्त. आलेल्या पक्षकारालासुद्धा तो आधी बॉनेट उघडून दाखवायचा. पक्षकार पुन्हा येत नसत.

नेमकं त्याच वर्षी उन्हाळ्यात मला अकोल्याच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. पदार्थविज्ञान शिकवायची एकच जागा होती. एम.एस्सी. होऊन मी घरीच बसले होते, आणि ही नोकरी मिळाली नाही तर माझं लग्न उरकून टाकायचं असं घरात ठरलं होतं. मुलगाही हेरून ठेवलेला होता. वर्ध्याचा. त्याला तपकिरीची सवय होती आणि बायकांच्या शिक्षणाविषयी मतं होती. तेव्हा ती नोकरी मला किती हवी होती ते सांगायला नको.

"सकाळच्या पॅसेंजरनं जाते," मी म्हटलं.

"पॅसेंजर?" उद्धवदादा हसला. "मुलाखत सकाळी आहे की संध्याकाळी? रेल्वेचा काय भरवसा? दारात मोटार उभी असताना तू त्या डब्यात धक्के खात जाशील? अकराच्या आत तुला कॉलेजच्या फाटकात उतरवतो. वकिलाचा शब्द आहे."

वकिलाचा शब्द म्हणाला तिथंच मी स्टेशनकडं पळत सुटायला हवं होतं.

आमची मनकर्णाआत्याही निघाली. तिची नणंद कौशल्या अकोल्यात जठारपेठेत राहायची, तिच्यासाठी घाण्यावरून काढून आणलेलं करडईचं तेल पोचवायचं होतं. देवी समोर दिसावी म्हणून आत्या पुढं बसली. तेलाचा भला मोठा डबा मागं माझ्या मांडीला टेकून बसला. माझ्या नव्या पातळाची फिकीर कोणाला होती?

आता ही मोटारीतली देवी काय ते सांगते. मोटार घरी आली त्याच दिवशी आत्यानं तिला हळदकुंकू वाहिलं आणि डॅशबोर्डावर अंबादेवीची तसबीर डिंकानं चिकटवली. तसबिरीच्या बरोबर खाली सुपारीएवढी लाल काच होती. चावी फिरवली की ती पेटायची आणि इंजिन सुरू झालं की विझायची. पेटली की आत्या हात जोडायची, विझली की मोटारीतून खाली उतरायची.

"देवीपुढचा दिवा विझवून घराबाहेर निघता काहून रे?"

"आत्या, तो विझलाच पाहिजे. तो विझला म्हणजे सगळं ठीक आहे."

"दिवा विझला म्हणजे ठीक? हे कुठं शिकून आला तू?"

रोज हीच कटकट. शेवटी दादानं एका रेडिओवाल्याला बोलावलं आणि मोटार चालू आहे तोवर दिवा जळतच राहील अशी तार जोडून घेतली. मोटार बनवणाऱ्यांना जे सुचलं नाही ते मी करून दाखवलं, असं तो गल्लीभर सांगत फिरला. आत्या खूश झाली. तिनं एवढंच विचारलं, "आणि यात तेल कोण घालते?"

आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो. मी तर विजेच्या दिव्यावर तिला व्याख्यानच दिलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मोटार निघाली की रोज तेच विचारत राहिली, "तेल पायलं का रे?"

तर सकाळी आम्ही निघालो. बडनेऱ्याला पॅसेंजर फलाटावर उभी दिसली. तिच्यात खिडकीशी बसलेल्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटला. दादानं मात्र त्यांच्याकडं पाहून हॉर्न वाजवला. पुढं मूर्तिजापुरात तो एका जुन्या पक्षकाराला मोटार दाखवायला थांबला. पक्षकारानं चहा पाजला. मी घड्याळ दाखवत होते आणि दादा त्याला गिअर दाखवत होता.

मूर्तिजापूर मागं पडलं आणि खलबत्त्यात सुपारी कुटावी तसा आवाज सुरू झाला.

"दादा, हा आवाज कसला?"

"रस्ता खराब आहे."

"आवाज बॉनेटमधून येऊन राहिला."

"मोटार तापली की बोलते. तुला नाही कळायचं ते."

"निघताना तेल पाहिलं होतंस?"

त्यानं वळून माझ्याकडं असं पाहिलं की मला रस्त्याचीच काळजी वाटली. "शैले, चाकाला वंगण घालत बसायला ही काय बैलगाडी आहे? इंजिनातलं तेल कमी झालं की मोटार स्वतःहून सांगते. त्यासाठी दिवा दिलेला असतो."

"कोणता दिवा?"

"लाल."

मी पुढं वाकून पाहिलं. "लाल तर लागलेला आहे."

"तो देवीचा."

"मग तेलाचा कुठं आहे?"

मोटार खडखडत आणखी थोडी पुढं गेली. मग दादा अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तोच."

काटेपूर्णेच्या पुलाअलीकडं एका निंबाखाली मोटार उभी केली. दादानं बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि रुमालानं पुसली. रुमालाला डाग पडला नाही. इतका स्वच्छ पुरावा त्याला कोर्टात कधी मिळाला नव्हता.

"बोरगावात तेल मिळेल," तो म्हणाला.

"आणि बोरगावला जायचं कसं?"

"मोटारीनं," असं म्हणून त्यानं ती कोरडी पट्टी पुन्हा एकदा पुसली.

दहा वाजून गेले होते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं वर्ध्याची ती तपकिरीची डबी नाचायला लागली. आणि मग दादाची नजर गेली तिथंच माझीही गेली. मागच्या सीटवरच्या डब्याकडं.

आत्या लगबगीनं उतरली आणि डब्यावर हात ठेवून उभी राहिली. "हे कौशल्येचं तेल आहे. कोणी हात लावाचा नाही."

दादानं दुप्पट तेल द्यायचं कबूल केलं, शैलीच्या जन्माचा प्रश्न आहे म्हणाला, घसा कोरडा करून घेतला. आत्या ढिम्म. शेवटी त्यानं हात जोडले. "आत्या, देवीच्या दिव्यातलं तेल संपलं."

आत्यानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्तच वेळ.

"मंग मी रोज काय इचारून राह्यली होती?" असं म्हणून तिनं स्वतः झाकण काढलं आणि स्वतःच इंजिनात तेल ओतलं. आम्ही पुरे पुरे म्हणत होतो, पण दिवा काठोकाठ भरल्याशिवाय हात आवरणारी ती बाई नव्हे.

मोटार चालली. आवाज थांबला, पण मागून निळा धूर निघाला, आणि त्या धुराला गरम भज्यांचा घमघमाट. बोरगावात लोक दुकानं सोडून आमच्याकडं पाहत होते. अकोल्यात शिरलो तेव्हा दोन कुत्री मागं लागली होती. कॉलेजच्या फाटकात मोटारीनं एक उचकी दिली आणि प्राण सोडला. अकरा वाजत होते. पातळावरचा तेलाचा डाग पदरानं झाकत मी आत पळाले.

टेबलापलीकडं तिघं बसले होते. एक जण खिडकीकडं तोंड करून नाकानं हवा ओढत होता. "जवळपास कोणी भजी तळून राहिलं का हो?" त्यानं विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "बसा. बाकीचे उमेदवार आलेच नाहीत. पॅसेंजरनं येणार होते सगळे, ती बडनेऱ्यालाच बंद पडली आहे असं कळलं. तुम्हीही अमरावतीच्याच ना? मग तुम्ही वेळेवर कशा काय पोचलात?"

रात्रभर मी प्रकाशाचे नियम पाठ केले होते. इंजिनातलं घर्षण, वंगणाचं काम, विजेचं मंडल, यातलं काहीही मला सांगता आलं असतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"देवीच्या कृपेनं," मी म्हटलं.

तिघांनीही समाधानानं मान डोलावली, आणि पदार्थविज्ञानाची ती जागा मला मिळाली.