तावड्यांची घट्ट नळी

स्वतः सिगारेट सोडून दिल्यावरही ज्याचा सुट्टीचा सगळा शुक्रवार इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये जातो, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. बहारीनमधल्या मनामाच्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, आमची चार मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोरचं दार दत्ताराम तावडे यांचं. कणकवलीकडचे, वय अठ्ठावन्न, अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. डोक्यावर औषधाला केस नाही आणि कपाटात हेअर ड्रायर दोन.

ते ड्रायर बॅटऱ्यांसाठी. आमच्या इमारतीत बरेच जण सिगारेट सोडायची म्हणून त्या स्टीलच्या नळ्या ओढतात. बायको व्हिडिओ कॉलवर फार बोलायला लागली म्हणून मीही घेतली. नळीत अंगठ्याएवढी जाड बॅटरी जाते. ती दोन दिवसांत उतरते, मग बाहेर काढून चार्ज करायची आणि परत घालायची. या बॅटरीला प्लॅस्टिकचं पातळ कातडं असतं. काढता-घालताना ते फाटलं की आतलं लोखंड उघडं पडतं आणि ठिणगी उडायची भीती. तावडे फाटकं कातडं सोलून नवं चढवतात आणि ड्रायरची गरम हवा मारतात. कातडं आक्रसून बॅटरीला चिकटून बसतं. हे सगळं फुकट.

पुढचं काम बॅटरी नळीत घालायचं. तावड्यांकडून कातडं चढवून आणलेली बॅटरी कुठल्याच नळीत सुखासुखी जात नसे. एखादा नवखा जोर लावायला गेला की तावडे त्याच्या हातातून नळी काढून घेत.

"दामटूची नाय, बसवूची," ते म्हणत. "बॅटरी म्हणजे नवो जावय. जावयाक कोण ढकलता?"

आमच्या खालच्या कॅफेटेरियातल्या बशीरला जावयाचा दाखला कळत नसे. त्याच्यासाठी हिंदी आवृत्ती होती: "दबाने का नहीं, बिठाने का. यल्ला, चलो, हाथ धो के आव."

हात धुणं सक्तीचं. मग फोन बाजूला ठेवायचा. मग तावडे बॅटरीला लहान मुलांची पावडर लावत, नळी कानाजवळ धरत, आणि ती केसाकेसाने आत सरकवत. एका बॅटरीला वीस मिनिटं लागत. तेवढ्यात स्टोव्हवर चहा होई. सहा कप कायम पुसून मांडलेले असत. आमच्या मजल्यावर कुणीही धूर सोडला तरी त्याला तान्ह्या बाळाचा वास येत असे.

शुक्रवारी चार माणसं खोलीत यावीत, एवढी एकच हौस या माणसाला होती. गुरुवार संध्याकाळपासून जिन्यात, लिफ्टमध्ये, पाण्याचे कॅन उतरवताना प्रत्येकाला विचारत, "उद्या येतास मां? येवा हां." त्यांच्या खोलीत अकरा वर्षं नाईक म्हणून जोडीदार होता. दोन वर्षांपूर्वी तो व्हिसा खलास करून गावी गेला. त्याची खाट तशीच आहे. तावड्यांची बायकोही गावीच असते. तिचा रोज एक फोन येतो, तो "जेवलात काय?" आणि "जेवलंय" एवढ्यात संपतो. भिंती पातळ असल्यामुळे मला हे माहीत आहे. नाईक गेला आणि हा बॅटऱ्यांचा उद्योग सुरू झाला, हेही मला माहीत होतं. दोन्हींचा संबंध मात्र मी कधी लावला नाही.

मी ड्राफ्ट्समन आहे. अर्ध्या मिलिमीटरची चूक दिसली तरी मला जेवण जात नाही, आणि दिसलेली चूक दाखवल्याशिवाय झोप येत नाही. माझ्या नळीतली बॅटरी तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्यांदा अडकली आणि काढताना तिचं कातडं फाटलं, तेव्हा मी ऑफिसातून जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन आलो. दुकानातली कोरी बॅटरी मोजली. ती नळीत सळसळत गेली. मग तावड्यांच्या हातची मोजली. बरोबर अर्ध्या मिलिमीटरने जाड. ब्लेडने हलकेच चिरून पाहिलं, तर लाल कातड्याखाली निळं कातडं निघालं. तावडे प्रत्येक बॅटरीवर दोन कातडी चढवत होते.

मला फार आनंद झाला. तो तसाच जिरवायला हवा होता. पण शुक्रवारी सगळे जमले असताना मी ती बॅटरी स्टुलावर ठेवली आणि म्हणालो, "तावडे, नळी घट्ट नाही. तुमची बॅटरी जाडी आहे. जावयाला दोन कोट घालून पाठवताय तुम्ही."

बशीर हसला. साताऱ्याचा जगताप, जो एका शेखची गाडी चालवतो, तो तर मांडीवर थाप मारून हसला. "आयला तावडेकाका, आम्ही उगाच झटतोय व्हय आठवडाभर?" तावडेही हसले. म्हणाले, "वय झाला हो. चुकान दोन चढली आसतीत." मग त्यांनी सगळ्यांना चहा दिला. जगतापने तिथल्या तिथे वरचं कातडं सोललं. बॅटरी नळीत आपसूक उतरली. बाकीच्यांनी तेच केलं. पाच मिनिटांत सगळ्यांची कामं उरकली आणि सगळे गेले. चहा कुणी पुरा प्यायलाही नाही.

पुढच्या शुक्रवारी तावड्यांकडे दोघे आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कुणीच नाही. कातडी आता फाटतच नव्हती. मी माझ्या खोलीतून ऐकत होतो. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, कप मांडल्याचा आला, मग बऱ्याच वेळाने ते कप परत उचलल्याचा आला. दार मात्र एकदाही वाजलं नाही. चूक शोधून काढल्याचा एवढा पश्चात्ताप मला नोकरीत कधी झाला नव्हता.

बुधवारी ते लिफ्टमध्ये भेटले. मी विषय काढला. म्हटलं, "मला तसं बोलायचं नव्हतं."

"मोजलात ता बरोबर मोजलात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं. "चुकान नाय चढवलंय. मुद्दाम चढवलंय."

"पण कशाला? लोकांना नुसतं चहाला बोलवायचं."

"चाय पिऊक येवा म्हटला, तर कोण येता? 'बघू' म्हणतत. काम आसला की येतत." लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडल्यावर ते बाहेर न पडता माझ्याकडे वळले. "तुमी तीन वर्षा समोर ऱ्हवतास, शिंदेसाहेब. कामाशिवाय कधी इलात?"

नळी घेण्याआधी मी त्यांच्या उंबऱ्यात एकदा गेलो होतो, तेही त्यांचा एसी माझ्या भिंतीवर गळत होता म्हणून तक्रार करायला.

शुक्रवारी अकरा वाजता मी नळी घरीच ठेवली आणि समोरचं दार वाजवलं. तावड्यांनी दार उघडलं. आधी त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"काय काम होता?"

"काही काम नाही," मी म्हणालो. "असाच आलो."

ते बाजूला झाले. मी खुर्चीवर बसलो, ते खाटेवर. इतके दिवस त्या खोलीत बोलणं आपोआप निघत असे, कारण सगळ्यांचे डोळे नळीवर असत. आता बघायला काही नव्हतं. तावड्यांनी दोनदा पंखा कमी-जास्त केला. मी बहारीनच्या उकाड्याबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी मान हलवली. उठून निघावं असं मला चारदा वाटलं, आणि त्यांनाही ते दिसत असावं, कारण ते एकदम उठले.

"बांगडे हाडलंय. जेवान जावा."

"कशाला उगाच त्रास?"

"त्रास कसलो? एकट्यासाठी तेलाची कढय कोण चढवतलो? कालपासून तसेच पडले आसत." ते ओट्याकडे वळले आणि माझ्याकडे पाठ करून बांगड्यांना मसाला लावायला लागले. पाठ असल्यामुळे त्यांना बोलणं सोपं गेलं असावं. "खरा सांगू, शिंदेसाहेब? शुक्रवारची सकाळ कशीय जाता. दुपार जाणा नाय."

बायकोने फोनवर विचारलं की मी नेहमी सांगतो, शुक्रवारी मस्त झोप काढली. मुलांनाही तेच सांगतो. त्या दिवशी तावड्यांच्या पाठीला मी सांगितलं, की झोप येत नाही, दुपारी दोन ते पाच मी नुसता छताकडे बघत पडलेला असतो, आणि समोरच्या दाराआड कुणीतरी तसंच पडलेलं असेल हे माझ्या मनात कधी आलं नाही.

तावड्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी आणखी दोन बांगडे कढईजवळ काढून ठेवले.