हार्करांचा एक स्कोर गहाळ जाला त्याची बखर

श्री.

अखंड धुकेंमंडित, गडगेवेष्टित, मेषसंकुल विलायतेंतील स्वेलडेल प्रांतीं मौजे स्कारबेक येथील दुकान व डाकघर यांचे कारभारी हकीर बाळकृष्ण खरवंडीकर, मूळ वस्ती नगर, हल्लीं सत्तावीस वर्षें येथेंच मुक्काम, यांणीं वाचणारांचे सेवेसी लिहिलें वर्तमान ऐसें जे, शके एकोणीसशें पंचेचाळीस कार्तिक मासीं हार्कर घराण्याचा एक स्कोर डोंगरावरून गहाळ जाला, त्याचे शोधास्तव तीन दिवस मोहीम चालली, आणि चौथे दिवशीं फत्ते जाली. लोक नाना प्रकारें सांगतात. सबब खरें वर्तमान लिहून ठेविलें आहे. पदरचें कांहीं घातलें नाहीं. क्वचित् घातलें, तें शोभलें म्हणोन.

प्रथम स्कोर म्हणजे कोण, हें सांगणें प्राप्त. पूर्वीं इंग्रजांचे मुलखीं मेंढपाळ मेंढ्या मोजीत, ते हातापायांचीं बोटें सरलीं म्हणजे थांबत, कां कीं पुढें मोजावयास अंग उरत नसे. मग काठीवर सुरीनें एक खाच पाडीत आणि पुन्हा एकापासोन आरंभ करीत. त्या खाचेस स्कोर म्हणत, आणि खाच विसांस एक, म्हणोन विसांसच स्कोर म्हणूं लागले. आपले देशीं म्हाताऱ्या वय पुसलें असतां "तीन विसा आन् वर सात" सांगतात आणि व्यापारी जिन्नस कोडीनें मोजतात, तैसाच हा प्रकार. धनगराचे काठीवरून उठलेला हा शब्द दरबारीं चढला, आणि खाचांच्या काठ्यांवर सरकारचा खजिना कित्येक शतकें चालला. पुढें कागद आला आणि दहाच्या आंकड्यानें सारा मुलूख काबीज केला, आणि सन अठराशें चौतिसांत लंडन शहरीं त्या जुन्या काठ्या भट्टींत जाळावयास घातल्या, तों आग ऐसी भडकली कीं खुद्द पार्लमेंटची हवेली जळोन खाक जाली. बडतर्फ सरदार जातां जातां वाडा पेटवून गेला, ऐसें आम्हांस वाटतें. मग क्रिकेटचे खेळांत तेवढें त्याचें वतन राहिलें, कां कीं धांवाही पूर्वीं काठीवर खाचा पाडूनच मोजीत. आज पुण्यांत "स्कोर काय झाला" म्हणोन जो पुसतो, तो मेंढपाळाची खाच पुसतो, हें त्याचे गांवींही नाहीं.

मूळ मुलखीं हा स्कोर खरे चाकरीवर आमचे पंचक्रोशींत एकेच ठिकाणीं उरला होता, तें ठिकाण म्हणजे राजश्री ईनॉक हार्कर यांचा उजवा खिसा.

ईनॉक हार्कर, वय तीन स्कोर आणि अठरा, पत्नी वारलेली, डोंगराचे ऐन माथ्याखालीं दगडी घरांत एकटे राहणार. मेंढ्या मोजावयाचे त्यांचे आंकडे इंग्रजांचेही नव्हेत, त्याहून जुने: यान, टान, टेदर, मेदर, पिप, ऐसे चढत जाऊन विसास जिगिट म्हणत. जिगिट उच्चारिलें कीं एक स्कोर पुरा, आणि डाव्या खिशांतील एक गोटा उजव्या खिशांत. गोटे आजोबांचे वेळचे, हातीं लागोन लागोन गुळगुळीत जाले होते. सारी फौज कुंपणाच्या फटींतून गेली म्हणजे उजवा खिसा रिता करून पाहावें, आणि जितके गोटे तितके स्कोर. या शास्त्रांत चूक होत नाहीं, ऐसी चार पिढ्यांची ख्याती.

त्यांचे चिरंजीव राजश्री कॉलिन हार्कर खालीं रिचमंड शहरीं राहतात. त्यांस बापाची काळजी लागली होती, आणि ती खोटी म्हणतां येत नाहीं. वसंतांत म्हातारा ओढ्यांत पडला. मग किटली चुलीवर ठेवून मेंढ्यांमागें गेला तों किटलीचें बूड गेलें. आणि मॉस नामक कुत्र्यास तो सहा वर्षांमागें मेलेल्या कुत्र्याचे नांवानें हांक मारूं लागला. तेव्हां चिरंजीवांणीं तह घातला कीं, आषाढांत डोंगरावर दोनशें मेंढ्या म्हणजे दहा स्कोर सोडिले आहेत. कार्तिकांत उतरवाल तेव्हां बाबांनीं आपले रीतीनें मोजावें. आंकडा जुळला तर बाबा डोंगरावर, न जुळला तर कळप आम्ही संभाळूं आणि बाबा रिचमंडांत आमचे मागील खोलींत. दोघांणीं हात मिळविला. म्हाताऱ्यानें तह हंसत हंसत मान्य केला, परंतु त्या दिवशीं त्यानें दुपारचें जेवण केलें नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे.

याउपरि दैवयोग ऐसा कीं, मोजणीचे आदले दिवशीं कॉलिन यांजबरोबर रिचमंडाहून आलेल्या सूनबाईंनीं सासऱ्याचा कोट धुण्याचे यंत्रांत घातला, आणि यंत्र फुटूं नये म्हणोन खिशांतील गोटे अंगणांतील खडींत टाकिले. ते खडींत मिसळोन खडीच जाले. ईनॉकबाबांणीं गवगवा केला नाहीं. आमचे दुकानीं येऊन पट्टेदार पुदिन्याच्या गोळ्यांची एक पुडी घेतली आणि डाव्या खिशांत ओतिली. आकार तोच, वजनास किंचित् कमी. ती पुडी आम्हींच बांधोन दिली, हें लिहितां हात जड होतो.

बुधवारीं सकाळीं फौज उतरली. कॉलिन व मॉस पिछाडीस धुक्यांत, आणि ईनॉकबाबा खासा फटीशीं काठी टेकून उभे. मेंढ्या काळ्या तोंडाच्या, वांकड्या शिंगांच्या, एकामागें एक उडी घेऊन फटींतून जाऊं लागल्या, आणि यान टान चालू जालें, आणि जिगिटास जिगिट पडत गेलें, आणि गोळी डावीकडोन उजवीकडे जात राहिली. मग सातवे स्कोरास उत्तरेचा वारा सुटला, नाक गळूं लागलें, घसा कोरडा पडला, आणि हात डाव्या खिशांतून निघाला तो वाटेंत मुखीं थांबला. सातवा स्कोर गालांत गेला. ईनॉकबाबांस याची खबर नाहीं. मुखानें आपला कारभार परस्पर केला.

अखेर उजवा खिसा रिता केला, तों नऊ.

कॉलिन यांणीं गोळ्या दोनदां मोजिल्या, नऊच; मेंढ्या पुन्हा कोणींच मोजिल्या नाहींत, शास्त्रावर इतका भरंवसा. तेव्हां वीस मेंढ्या डोंगरांत राहिल्या किंवा कोणी नेल्या, यांत शक राहिला नाहीं. म्हाताऱ्याचें तोंड पांढरें पडलें. पुत्रास दया आली आणि शनिवारपर्यंत मुदत दिली: तोंवर वीस सांपडल्या तर शनिवारीं पुन्हा मोजूं, नाहीं तर तह तो तह.

मग मोहीम सुरू जाली. कॉलिन यांणीं कामावरून रजा घेतली आणि चारचाकी मोटारसायकलीवर पूर्वेचा माळ पाहिला. मॉस यानें तीन ससे व एक जुना बूट हस्तगत केला. ईनॉकबाबा काठी घेऊन दलदल, दऱ्या व पडक्या शिशाच्या खाणी पायीं धुंडीत फिरले, आणि प्रत्येक दरडीवर उभे राहोन मेंढ्यांस हांक मारिली. उत्तर कोठून येणार? ज्या हरवल्या होत्या त्या खालीं कोंडवाड्यांत गवत खात होत्या.

गुरुवारीं संशयानें ईनॉकबाबांस शेजारीं नेलें. शेजारीं म्हणजे गंगाभागीरथी मार्थाबाई पीकॉक, वय साडेतीन स्कोर, स्वतःचा कळप बाळगून, जबानीची तिखट. दोन्हीं कुरणांमध्यें जो गडगा, त्यांत एक खिंडार अकरा वर्षें पडलें होतें, आणि तें कोणीं बांधावें यावरोन उभयतांचें बोलणें बंद होतें. तें त्या दिवशीं उघडलें.

"माझ्या वीस मेंढ्या तुझ्याकडे घुसल्या असतील तर मुकाट्यानं सोड," बाबा म्हणाले.

"तुझ्या मेंढ्यांना तुझा कंटाळा आला असेल तर मी काय करू?" मार्थाबाई म्हणाल्या. "शोध सगळं कुरण. आणि जाताना फाटक लाव. तेवढं तरी लक्षात राहतं ना?"

हा शेवटला बाण फार खोल गेला. बाबांणीं फाटक लाविलें, परत येऊन कडी ओढून पाहिली, आणि गेले. मार्थाबाईंस बोलल्याचा तेच क्षणीं पश्चात्ताप जाला. मग त्यांणीं आपला कळप एकेक कान धरून तपासला. परक्याची एकही निघाली नाहीं.

शुक्रवारीं दोन प्रहरीं मार्थाबाई आमचे दुकानीं चहाची पुडी घ्यावयास आल्या. खिडकींतून डोंगर दिसतो. वर एका शिळेवर ईनॉकबाबा बसले होते आणि काठी मांडीवर आडवी होती, आणि ते हांकही मारीत नव्हते. बाईंनीं बराच वेळ पाहिलें. मग आम्हांकडे न पाहतां म्हणाल्या, "रिचमंडला नेऊन बसवणार त्याला. तिथे खिडकीतून काय दिसणार? लोकांच्या मोटारी."

चहाची पुडी तशीच टेबलावर टाकून त्या निघाल्या.

शनिवारीं उजाडतांच गंगाभागीरथींनीं आपले कळपांतून वीस मेंढ्या निवडल्या, चांगल्या, दांत शाबूत असलेल्या, आणि त्याच खिंडारांतून हार्करांचे कोंडवाड्यांत नेऊन सोडिल्या. अंगावरील रंगाचे पट्टे दोहींकडील मेंढ्यांचे पावसानें धुवून गेले होते, नवे मोजणीनंतर लावावयाचे होते, म्हणोन लांबून पाहणारास भेद कळणें कठीण. वीस मेंढ्या म्हणजे त्या बाईचे कळपाचा पांचवा हिस्सा. हें दान त्यांणीं कोणास न सांगतां केलें, आणि येतांना चार शिव्या पुटपुटल्या. आम्ही बखरकार, राजांचीं दानें लिहितों. यापुढें तीं किरकोळ वाटतील.

आतां कोंडवाड्यांत अकरा स्कोर जाले. दुसरी मोजणी सुरू जाली. सकाळीं उतरणीवर त्या वीस मेंढ्या दिसल्या, रात्रींतून खालीं आल्या असाव्यात, ऐसें मार्थाबाईंनीं गडग्यावरोन ओरडून आधींच सांगितलें होतें, आणि बाबांचे जिवांत जीव आला होता. कॉलिन या खेपेस फटीशींच उभे होते. ओठ हालत होते, थंडीनें असावेत. यान टान चालू जालें, आणि हात डावीकडोन उजवीकडे, आणि चौथे स्कोरास वारा, आणि घसा, आणि हात पुन्हा मुखाशीं थांबला. इतिहास पुन्हा घडतो तो याच रीतीनें. अखेर उजवा खिसा दगडावर रिता केला.

गोळ्या दहा.

कॉलिन यांणीं गोळ्यांकडे पाहिलें, मग मेंढ्यांकडे, मग बापाकडे. म्हणाले, "दहा. बरोबर आहे, बाबा."

म्हाताऱ्यानें टोपी काढून पुन्हा घातली. चीज लावोन फळांचा केक खाल्ला, चहा जाला, मॉस यासही केक मिळाला. मग कॉलिन भांडीं विसळावयास घरांत गेले, आणि बाबा लाल रंगाचा डबा घेऊन मेंढ्यांस पट्टे ओढावयास बसले.

हार्करांची खूण उजव्या कानास चीर, पीकॉकांची डाव्या कानाचें टोक छाटलेलें. पहिलीच धरली तिचें डावें टोक छाटलेलें निघालें. बाबांणीं ती बाजूस केली. मग दुसरी निघाली, मग तिसरी. चौदावीपर्यंत त्यांस शेजारणीचा राग येत होता. विसावी बाजूस केली आणि राहिलेल्या स्वतःच्या मोजिल्या, गोळ्या न घेतां, बोटें दगडावर टेकून, तीन वेळां. भरल्या दहा स्कोर. तेव्हां उमगलें कीं गहाळ कोणीच जालें नव्हतें. बुधवारीं आपण चुकलों, आज पुन्हा चुकलों, आणि या चुकीवर ज्या बाईस चोर म्हटलें तिणें आपला कळप घातला. डोंगर हातीं राहिला होता, केवळ गप्प बसावयाचें होतें. बाबा बराच वेळ गप्प बसले. आम्ही त्यांस दोष देत नाहीं.

मग उठले, वीस मेंढ्या पुढें घातल्या आणि पीकॉकांचे फाटकाशीं गेले. मार्थाबाईंनीं साफ कानांवर हात ठेविले, ह्या माझ्या नव्हेतच, म्हणाल्या. कान छाटलेला आहे म्हणतां वाऱ्यानें फाटला असेल म्हणाल्या.

"मार्था, मोजणी माझी चुकली," बाबा म्हणाले. "दोन्ही वेळा. मी तुला चोर म्हणालो."

बाईंनीं जवळचे मेंढीचा छाटलेला कान चाचपला. "कॉलिनला सांगितलंस?"

"आता जातो."

"कशाला सांगतोस, मूर्खा," बाई हळू म्हणाल्या. "चाललंय ना सगळं."

परंतु बाबा गेले. चिरंजीव ओटीवर उभे होते, हातीं फडकें होतें. बाबांणीं उभ्यानेंच सारें कथन केलें: दोनशें तेव्हांही होत्या, आज दोनशें वीस होत्या, मोजणाऱ्याचें डोकें गेलें आहे, तह तो तह, सामान फार नाहीं, कुत्रा मात्र बरोबर यावा.

कॉलिन यांणीं फडकें खांबावर घातलें. "मला अकरा आले होते, बाबा."

"काय?"

"फटीशी उभा होतो ना. यान टान मलाही येतं, तूच शिकवलंस. अकरा स्कोर झाले. त्यात वीस पीकॉकच्या, कान बघितले मी."

"मग दहा का म्हणालास?"

कॉलिन यांणीं डोंगराकडे पाहिलें. "बुधवारपासून तुला वर बसलेला बघतोय. मोजून काय करू? मेंढ्या मी मोजीन. तू वर राहा. फक्त निघताना फोन करत जा."

यावर आपले देशीं गळां पडणें प्राप्त होतें. या प्रांतीं तशी रीत नाहीं. म्हातारा पायरीवर बसला, पुत्र शेजारीं बसला, आणि अंधार पडेपर्यंत बसले.

येणेंप्रमाणें मोहीम समाप्त जाली. फत्तेची नोंद ऐसी: मेंढ्या हार्कर यांच्या, दहा स्कोर. मेंढ्या पीकॉक यांच्या, पांच स्कोर, पैकीं एक स्कोर परत पावला. जखमी कोणी नाहीं. गहाळ कोणी नाहीं. मनुष्य एक, ईनॉक हार्कर, डोंगरावर कायम. लिहिलें सही.